रंग चढला नाही

साडेसहाला गजर होतो. मी उठते, बाबांना उशीला टेकवून बसवते आणि कंपवातावरची सिंडोपाची गोळी भांडंभर पाण्याबरोबर देते. मग अर्धा तास दोघांनीही काही करायचं नसतं. ते डोळे मिटून पडून राहतात, मी पायाशी खुर्ची ओढून चहा पिते. दूधवाला येऊन जातो, समोरच्या इमारतीत कुणाचा तरी रेडिओ लागतो. बाबांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी इतका वेळ जपमाळ ओढल्यासारखी एकमेकांवर फिरत असतात. सातच्या सुमारास त्यांची गती मंदावते आणि मग ती थांबतात. ताठरलेला चेहरा सैल होतो, भुवया हलतात. ते म्हणतात, "आली." गोळी आली, असा त्याचा अर्थ. मग कूस बदलतात, पाय खाली सोडतात, स्वतःच्या हाताने चष्मा घालतात.

गेली सात वर्षं मी हा अर्धा तास बघते आहे. माझं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे त्या अर्ध्या तासात काय घडतं ते मला फळ्यावर लिहून दाखवता येतं. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जातो, रक्तातून मेंदूत शिरतो, तिथे त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि डोपामिन उरतं. एका ओळीची अभिक्रिया. पण याच माणसाच्या मेंदूत नेमका हाच पदार्थ कमी पडलाय हे पहिल्यांदा कुणाला दिसलं आणि कसं दिसलं, ते मला माहीत नव्हतं. ते शोधायला गेले आणि व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकेविच या शास्त्रज्ञापाशी पोचले. ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून हा माणूस आमच्या घरातलाच झाला आहे.

पण आधी बाबांचं सांगते.

बाबा चिपळूणला हायस्कुलात गणित आणि मराठी शिकवायचे. त्यांच्या अक्षराची गावात ख्याती होती. लग्नपत्रिकेचा मजकूर, संमेलनाचा फलक, कुणाचं मानपत्र, सगळं त्यांच्याकडे यायचं. निवृत्तीनंतरही ते भाच्या-पुतण्यांना पोस्टकार्डं पाठवायचे. रोग त्या पोस्टकार्डांवर सगळ्यात आधी उमटला, पण आम्हाला वाचता आला नाही. 'चि.' मोठा, ठसठशीत. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून अक्षर बारीक होत जायचं आणि 'अनेक आशीर्वाद'पर्यंत पोचेतो मुंग्यांची रांग. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. मग उजवा खांदा धरला. एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून वर्षभर शेक, व्यायाम आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्याच वर्षी आईने फोनवर सांगितलं होतं, "अगं, ह्यांना भाजी करपलेली कळत नाही, वासच येत नाही म्हणतात." मी "वय झालं की होतं तसं" म्हणून तो विषय सोडून दिला. वास जाणं हे या रोगाचं फार आधीचं लक्षण असू शकतं, हे मला पुढे कळलं. ते वाक्य अजून खुपतं.

आई गेल्यावर बाबा पुण्याला माझ्याकडे आले. इथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना एक वाक्य एकाखाली एक पाच वेळा लिहायला सांगितलं. मग बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. डावा हात चालताना झुलत होता, उजवा अंगाला चिकटून राहिला होता. मनगट धरून कोपर वाकवून पाहिलं, बोटं आपटायला लावली. दहा-बारा मिनिटांत ते म्हणाले, "कंपवात आहे. पार्किन्सन्स." ना रक्ततपासणी, ना स्कॅन. मला तेव्हा राग आला होता. इतका मोठा शब्द इतक्या थोडक्यात कसा उच्चारतात?

पुढे वाचल्यावर तो राग गेला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर पहिला निबंध लिहिला तो सहा माणसांवर, आणि त्या सहांतल्या तिघांशी त्यांची भेट रस्त्यातच झाली होती. एकाला तर त्यांनी नुसतं दुरूनच पाहिलं. पुढे झुकलेलं अंग, पडू नये म्हणून घेतलेली बारीक धावती पावलं, विश्रांतीत थरथरणारा हात. तपासायला साधन नव्हतंच. डोळे होते. दोनशे वर्षांनी आमच्या डॉक्टरांनीही तेच वापरले.

सहा हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

पार्किन्सन यांना रोग दिसला, त्याचं घर दिसलं नाही. ते सापडायला शंभर वर्षं लागली. मेंदूच्या बुंध्यात मिरीएवढ्या जाडीचा एक काळपट पट्टा असतो. पेशींमध्ये काळं रंगद्रव्य साठल्यामुळे त्याला लॅटिनमध्ये 'सबस्टॅन्शिया नायग्रा', काळा पदार्थ, असंच नाव पडलं. १९१९ साली पॅरिसमध्ये कॉन्स्टन्टिन त्रेत्याकोफ या तरुण डॉक्टराने आपल्या प्रबंधात दाखवलं, की या रोग्यांच्या मेंदूत हा काळा पट्टा फिका पडलेला असतो, पेशी मेलेल्या असतात. चांगलं. पण त्या पेशी जिवंतपणी करत काय होत्या? पुढची चाळीस वर्षं याला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नव्हतं म्हणून औषधही नव्हतं. धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींचे अर्क द्यायचे, थरथर थोडी कमी करायची, इतकंच.

हॉर्निकेविच यांचा जन्म १९२६ सालचा, ल्विव्हजवळच्या सिखिव या खेड्यातला. तेव्हा तो भाग पोलंडमध्ये होता, आज युक्रेनमध्ये आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं, सोव्हिएत फौजा आल्या आणि हे युक्रेनियन कुटुंब सगळं मागे टाकून व्हिएन्नाला गेलं. मुलगा परक्या भाषेत शिकला, १९५१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाला आणि रोगी तपासण्याऐवजी औषधशास्त्राच्या संस्थेत प्रयोग करत बसला. १९५६ मध्ये ब्रिटिश काउन्सिलची शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला हर्मन ब्लाश्को यांच्याकडे गेला. ब्लाश्को स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू शास्त्रज्ञ. दोन निर्वासितांची ही भेट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ब्लाश्को यांनी या तरुणाला जो पदार्थ अभ्यासायला दिला, त्यालाही तोवर स्वतःचं असं घर नव्हतं.

डोपामिन. आज हा शब्द शाळकरी पोरंही वापरतात, मोबाइल हातात घेतला की डोपामिन मिळतं वगैरे. १९५६ मध्ये ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. शरीर ॲड्रेनालिन तयार करतं त्या वाटेवरचा एक टप्पा, धर्मशाळेत रात्र काढून पुढे जाणारा प्रवासी, अशी त्याची समजूत. ब्लाश्को यांना शंका होती की या प्रवाशाला स्वतःचंही काही काम असावं. हॉर्निकेविच यांनी गिनीपिगच्या रक्तदाबावर प्रयोग केले. ॲड्रेनालिनसारखे पदार्थ दाब वाढवत होते, डोपामिनने तो उतरला. लेव्होडोपा टोचला तरी तसंच झालं. म्हणजे डोपामिनचं वागणं वेगळं, स्वतःचं होतं.

याच सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या बाजूने त्याच दाराशी आले होते. आणि इथे मला थोडं आडवळण घेतलंच पाहिजे, कारण ही वाट आपल्या मुलखातून जाते.

कार्लसन यांनी सशांना रेझरपीन टोचलं. रेझरपीन म्हणजे सर्पगंधेच्या मुळातला अर्क. आपल्या वैद्यांच्या बटव्यातली सर्पगंधा. रक्तदाबावर ती किती गुणकारी आहे हे मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझरपीन वेगळं काढलं गेलं. ते टोचलेले ससे कान पाडून निपचित बसत, कारण रेझरपीन मेंदूतला साठा रिकामा करतं. १९५७ मध्ये कार्लसन यांनी त्या सशांना डोपा दिला आणि ससे काही मिनिटांत उठून हालचाल करू लागले. मग १९५९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की मेंदूतलं डोपामिन सगळीकडे सारखं नसतं. ते मुख्यतः स्ट्रायटम या खोल भागात, हालचालींचं नियंत्रण जिथून होतं तिथे, साठलेलं असतं.

हे वाचल्यावर व्हिएन्नात परतलेल्या हॉर्निकेविच यांनी जे ठरवलं, तो या सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा क्षण आहे. आणखी ससे नकोत, उंदीर नकोत. माणसाचा मेंदू बघायचा.

हे तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. औषधशास्त्रज्ञ जनावरांवर काम करत. मेलेल्या माणसाच्या मेंदूत रसायनं शोधण्यात अर्थ नाही, मृत्यूनंतर सगळं नासून जातं, असं मानलं जाई. हॉर्निकेविच आणि त्यांचे तरुण सहकारी हर्बर्ट एरिंगर यांनी शवविच्छेदनगृहांतून मेंदू मिळवायला सुरुवात केली. सतरा मेंदू मेंदूचा काहीही आजार नसलेल्या माणसांचे. दोन हंटिंग्टन्सच्या रोग्यांचे, सहा हालचालींच्या अन्य, कारण न कळलेल्या विकारांचे. आणि सहा पार्किन्सन्सचे.

डोपामिन ओळखण्यासाठी त्यांनी आयोडीनची रंगाची अभिक्रिया वापरली. ही मला अगदी हातातली वाटते. मेंदूचा अर्क, त्यात ठरावीक द्रव्यं, आणि डोपामिन असेल तर नळीत गुलाबी रंग चढतो. निरोगी माणसांच्या स्ट्रायटमच्या नळ्या गुलाबी झाल्या. पार्किन्सन्सच्या मेंदूची नळी मात्र तशीच राहिली. रंगाची जेमतेम झाक. मोजमापं पुढे झाली, पण त्याआधीच, मेंदूतला डोपामिनचा अभाव आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसला, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे.

मी तीस वर्षं मुलांकडून रंगाच्या अभिक्रिया करून घेतल्या. प्रयोगशाळेत रंग आला की मुलं ओरडतात, "मॅडम, आला!" आणि आला नाही की चेहरे पडतात; काहीतरी चुकलं, द्रावण जुनं असेल, परत करा. रंग न येणं हेच उत्तर आहे, हे ओळखायला वेगळी नजर लागते. त्या दिवशी व्हिएन्नात नळीत जे चढलं नाही, ते बाबांच्या मेंदूत नाही. रोज सकाळी साडेसहाला मी शंभर मिलिग्रॅमच्या हिशोबाने तेच भरून काढायला बघते.

तो निबंध डिसेंबर १९६० मध्ये एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. चार पानं. पण निबंध छापायच्या आधीच हॉर्निकेविच यांच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार होता: कमी आहे तर देता येईल का? डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, रक्तातून मेंदूत शिरायला त्याला मज्जाव असतो. त्याच्या अलीकडची पायरी, लेव्होडोपा, मात्र आत जाऊ शकते. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांनी व्हिएन्नातल्याच लाइन्झ इथल्या महापालिकेच्या मोठ्या वृद्धाश्रमात काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ वाल्टर बिर्कमायर यांना विचारलं. हो-नाही करता करता आठ महिने गेले. जुलै १९६१ मध्ये पहिल्या रोग्यांना शिरेतून ५० ते १५० मिलिग्रॅम लेव्होडोपा दिला गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात छापलेलं ते वर्णन मी बाबांना मराठीत सांगितलं होतं. जे अंथरुणातून उठून बसू शकत नव्हते, ते उठले. जे बसले की उभे राहू शकत नव्हते, ते उभे राहिले. जे उभ्याउभ्या पाऊल टाकू शकत नव्हते, ते चालले. हात झुलवत चालले, धावले, उड्याही मारल्या. ज्यांचा आवाज पुटपुटण्यापुरता उरला होता, ते स्पष्ट, खणखणीत बोलले. काही तास. मग परिणाम ओसरला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशीचा प्रश्न सुटायला सहा वर्षं लागली. काही जणांनी लहान मात्रा देऊन पाहिल्या, गुण आला नाही, आणि वैद्यकजगतातले बरेच लोक हे सगळं खोटी आशा म्हणून बाजूला सारू लागले. (कॅनडात माँट्रिअलला बार्बो आणि सुर्क्स यांचा गटही स्वतंत्रपणे तोंडावाटे औषध देऊन पाहत होता, हेही सांगायला हवं.) मग १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी मात्रा अगदी सावकाश, आठवड्यांच्या हिशोबाने, पण रोज काही ग्रॅम इतकी वाढवत नेली आणि रोगी दिवसरात्र चालते-बोलते राहिले. त्यानंतर ते रोजचं औषध झालं.

इतक्या मोठ्या मात्रेने मळमळ आणि उलट्या व्हायच्या. याचाही एक पूर्वज आहे. १९१३ साली बाझेलमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा वेगळा काढला आणि तो काय करतो ते बघायला अडीच ग्रॅम स्वतःच गिळला. भडभडून उलट्या झाल्या. पदार्थ निरुपयोगी म्हणून तो कपाटात गेला. बाबांच्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतो तो यासाठीच: तो लेव्होडोपाला मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही, म्हणजे पोट ढवळत नाही आणि थोड्या औषधात काम भागतं.

शेंगांचं निघालं म्हणून सांगते. बाबांच्या एका वैद्यमित्रांनी चिपळूणहून पुडी पाठवली होती, खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाची. कोकणातल्या प्रत्येक पोराला ही वेल ओळखता येते; मखमली दिसणाऱ्या शेंगा, आणि चुकून हात लागला तर अंग ओरबाडून काढायची वेळ. बाबा म्हणाले, "वर्गात एकदा पोरांनी माझ्या खुर्चीवर टाकली होती." या बियांत लेव्होडोपा असतो. आपल्या वैद्यांनी हेच बी कवचबीज म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरलं, आणि १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी त्यातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढून दाखवला. हॉर्निकेविच तेव्हा अकरा वर्षांचे होते. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या रोग्यांना हे चूर्ण देऊन अभ्यास छापला, पुढे लंडनमध्येही झाला. मला याचं आश्चर्य वाटत राहतं, की आपल्या रानातली एक मुळी मेंदूतलं डोपामिन रितं करते आणि दुसरी एक बी ते भरून देते, आणि या दोन्हींच्या मधली जी रिकामी नळी होती ती व्हिएन्नात सापडली. पुडी मात्र आम्ही वापरली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गोळी चालू असताना चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. प्रत्येक बीत किती औषध उतरलंय ते कुणी मोजलेलं नसतं आणि मात्रा दुप्पट होऊ शकते. बाबांनी पुडी टाकली नाही. देवघराच्या खणात ठेवली आहे.

एवढ्या मोठ्या शोधानंतर दुसऱ्या कुणी पुढची चाळीस वर्षं व्याख्यानं दिली असती. हॉर्निकेविच मेंदूंकडेच बघत राहिले. १९६३ मध्ये त्यांनी दाखवलं की काळ्या पट्ट्यातही डोपामिन कमी आहे; म्हणजे त्रेत्याकोफ यांना दिसलेल्या मेलेल्या पेशी आणि स्ट्रायटममधली रिकामी जागा ही एकाच तारेची दोन टोकं. पुढच्या वर्षी एका अंगालाच रोग असलेल्या माणसाच्या मेंदूत विरुद्ध बाजूचं डोपामिन जास्त घटलेलं सापडलं. बाबांचा उजवा हात आधी गेला, म्हणजे डावा मेंदू. १९६० च्या दशकाच्या शेवटी हॉर्निकेविच टोरांटोला गेले, तिथे मेंदू गोठवून जपून अभ्यासायची प्रयोगशाळा उभी केली, दहाएक वर्षांनी व्हिएन्नाला परतले तरी तिथलं काम सोडलं नाही. १९८८ मध्ये त्यांनी आणि स्टीफन किश यांनी स्ट्रायटमच्या कुठल्या कोपऱ्यात किती हानी होते याचा बारीक नकाशा काढला.

या सगळ्यात माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. स्ट्रायटममधलं डोपामिन जवळपास ऐंशी टक्के संपेपर्यंत रोग बाहेर दिसतच नाही, हे त्यांच्या मोजमापांतून पुढे आलं. घरातलं एक माणूस अंथरुणाला खिळलं की उरलेली माणसं त्याची कामं वाटून घेतात आणि पाहुण्याला काही कळत नाही, तशा उरलेल्या पेशी दुप्पट राबत असतात. बाबांचं पहिलं बारीक अक्षर आमच्या घरी येऊन पडलं तेव्हा बहुतेक सगळं आधीच संपून गेलं होतं. आईचा तो फोन मी नीट ऐकला असता तरी पेशी वाचल्या नसत्या. हे वाचून मला दिलासा मिळाला की जास्त वाईट वाटलं, ते अजून ठरत नाही. पण त्या खांद्याच्या दुखण्यात गेलेलं वर्ष तरी बाबांना जरा बरं काढता आलं असतं.

२००० सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना मिळालं. हॉर्निकेविच यांना नाही. १९७९ चं वुल्फ पारितोषिक त्यांना कार्लसन आणि रॉजर स्पेरी यांच्याबरोबर मिळालेलं होतं, त्यामुळे वगळलं जाणं अधिकच डोळ्यांवर आलं. अडीचशेहून जास्त मेंदूशास्त्रज्ञांनी सह्या करून उघड निषेधाचं पत्र लिहिलं. कार्लसन यांची योग्यता निर्विवाद आहे. पण सशाकडून माणसाकडे जाणारं पाऊल ज्याने टाकलं त्याला सोडून देणं हा मला अन्याय वाटतो, आणि ते मी कुणालाही सांगेन. हॉर्निकेविच स्वतः काम करत राहिले. २६ मे २०२० रोजी व्हिएन्नात वयाच्या ९३ व्या वर्षी गेले. टाळेबंदीचे दिवस होते, औषधाच्या दुकानासमोर आखलेल्या वर्तुळात उभी राहून मी सिंडोपाच्या पट्ट्या आणत होते. बातमी मला कितीतरी महिन्यांनी कळली.

गोळी रोग थांबवत नाही. पेशी मरतच राहतात, आणि वर्षं जातात तशी गोळी पुरेनाशी होते. पूर्वी बाबांना एक गोळी पाच तास पुरायची, आता साडेतीन. उतरायला लागली की ते म्हणतात, "चालली." कधी उलट होतं, गोळी जास्त चढते आणि मान, खांदे आपोआप वळवळत राहतात. आमटी, दही, पनीर गोळीच्या आसपास देता येत नाही. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारातून आत जायला धडपडतात. आणि उंबरठे. मोकळ्या दिवाणखान्यात नीट चालणारा माणूस स्वयंपाकघराच्या दारात येतो आणि पाय जमिनीला खिळतात. मी फरशीवर लाल टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. हे कसं होतं ते मी वाचलं आहे, तरी प्रत्येक वेळी बघताना मला ते नवलाचं वाटतं.

पार्किन्सन्स मित्रमंडळात जायला लागल्यापासून आमचं घर बदललं. तिथे 'रोगी' म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे शब्द जड वाटले होते, आता दुसरे सुचत नाहीत. बाबांना दुरेघी वहीत मोठं अक्षर गिरवायची कल्पना तिथल्याच एका शुभार्थी आजींची. रोज एक पान. शिक्षकाने पुन्हा दुरेघी वही घ्यावी याचं त्यांना सुरुवातीला फार लागलं होतं. आता त्या वहीत ते मला जे सांगायचं असतं ते लिहितात.

एकदा त्यात लिहिलं होतं: "माझा मेंदू चालेल का त्यांना?"

बंगळूरला निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, हे मीच बोलता बोलता सांगितलं होतं. भाऊ या विषयावर बोलायलाच तयार नाही. पुण्याहून बंगळूर लांब, मेंदू वेळेत पोचायला हवा, असं म्हणून मीही टाळते. वहीचं ते पान उघडंच आहे.

तेव्हा एकदा बाबांनी विचारलं होतं, "ते सहा जण कोण होते?" मी जे वाचलं होतं ते सांगितलं. सहांपैकी चौघांना निद्रारोगाच्या साथीनंतर कंपवात झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात आलेली ती मेंदूज्वराची साथ, तिचं पहिलं वर्णनही व्हिएन्नातच १९१७ मध्ये झालं. म्हणजे त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं थिजलेल्या शरीरात काढली असतील. दोघांचा कंपवात बाबांसारखा, कारण न कळलेला. सहाही जण औषध यायच्या आत गेले. निबंधात नावं नाहीत, असतही नाहीत.

गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला गुरुजींना आम्ही अकराला बोलावलं, साडेदहाची गोळी चढायला वेळ मिळावा म्हणून. बाबा पाटावर बसू शकत नाहीत, म्हणून खुर्ची, समोर स्टुलावर ताम्हन, वाटीत काळे तीळ. तर्पणाचं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडायचं असतं. नेमकी तीच दोन बोटं. आजोबा, आजी, पणजोबा, आई, मामा, आत्या झाल्या. गुरुजी आवरतं घेणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "अजून सहा आहेत."

"नावं सांगा."

"माहीत नाहीत."

"गोत्र?"

बाबांनी मान हलवली. "व्हिएन्नाचे आहेत," म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग पंचांग मिटून बाजूला ठेवत म्हणाले, "गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात. म्हणा माझ्यामागून."

बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं. चौथ्यापर्यंत हात स्थिर होता. पाचव्या वेळी बोटं फिरायला लागली, तीळ ताम्हनाबाहेर सांडले. सहाव्या वेळी मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला.